उदकशुद्धी आणि उदकाचा विटाळ

हिंदू धर्मातील अंधश्रद्धा वेगळी आणि त्याच धर्मातील खरे अध्यात्म वेगळे, असा भेद करणारे लेखन मराठीत लोकहितवादींच्या काळापासून होत आले आहे. असा भेद करणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु भेदाची रेषा कोठे ओढावयाची आणि ती ओढण्याचे माप कोणते, या प्रश्नाशी आले की पुष्कळांची लेखणी अडखळते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्र शासनाने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. या कायद्याने फसवणूक आणि अमानुष अत्याचार हे माप मानले. यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांसारख्या गोष्टी आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. कायद्यापुरते हे योग्यच आहे. धर्माच्या इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तेथे थांबता येत नाही. जी श्रद्धा दिसावयास सोज्ज्वळ आहे, जिच्यात नरबळी नाही, भोंदूबाबा नाही, अंगारा-धुपारा नाही, तिचे काय करावयाचे? पवित्र जलात स्नान केल्याने पाप धुऊन जाते, ही श्रद्धा अशाच सोज्ज्वळ श्रद्धांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच श्रद्धेचा मागोवा घेणार आहोत. कारण आमच्या मते अंधश्रद्धा आणि अध्यात्म यांचा निवाडा जितका पाण्याच्या काठावर स्पष्ट होतो, तितका अन्यत्र क्वचितच होतो.

आरंभी शब्दांविषयी थोडे सांगितले पाहिजे. पालि साहित्यात ‘सद्धा’ हा शब्द निंदेचा नाही. परंतु सद्धेचे प्रकार तेथे वेगळे केलेले आहेत. मज्झिमनिकायातील चंकीसुत्तात वेदपरंपरेवर विसंबणाऱ्या ब्राह्मणांना आंधळ्यांच्या रांगेची उपमा दिली आहे. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही दिसत नाही. अशा सद्धेला तेथे ‘अमूलिका’, म्हणजे मूळ नसलेली, म्हटले आहे. याच्या उलट वीमंसकसुत्तात परीक्षेने दृढ झालेल्या सद्धेला ‘आकारवती’ हे विशेषण लावलेले आढळते. मराठीत ‘अंधश्रद्धा’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी शतके अगोदर आंधळेपण आणि श्रद्धा यांची सांगड भगवान बुद्धांनी घातली होती, हे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल. ‘अध्यात्म’ या शब्दाचे पालि रूप ‘अज्झत्त’. त्याचा अर्थ ‘आतील, स्वतःच्या ठायी असलेले’ एवढाच आहे. त्यासाठी आत्मा मानावा लागत नाही. या लेखात अध्यात्म हा शब्द आम्ही चित्तशुद्धी या अर्थानेच वापरला आहे.

आता पुण्णिकेकडे वळू. थेरीगाथेच्या सोळसनिपातात तिच्या गाथा आहेत. पुण्णिका ही श्रावस्तीच्या अनाथपिण्डिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत तिला नदीत उतरावे लागे, कारण न उतरल्यास मालकिणींच्या शिव्या आणि काठी ठरलेली. तेथे तिला एक ब्राह्मण पाण्यात कुडकुडताना दिसतो. ती त्याला विचारते की, मी तर माराच्या भयाने पाण्यात उतरते, तू कोणाच्या भयाने उतरलास? ब्राह्मण सांगतो की, म्हाताऱ्याने वा तरुणाने कोणतेही पापकर्म केले असले, तरी स्नानाने तो त्यातून सुटतो. यावर पुण्णिका जे बोलते, ते भारतीय तर्कपरंपरेतील एक तेजस्वी प्रकरण आहे. असे असते तर बेडूक, कासवे, पाणसर्प आणि सुसरी हे सगळे स्वर्गाला गेले असते. मेंढ्या-डुकरे कापणारे, मासे मारणारे, चोर, मारेकरी हेही आंघोळ करून मोकळे झाले असते. शिवाय नद्या जर पाप वाहून नेत असतील, तर त्यांनी पुण्यही वाहून न्यावे. मग तुझ्याजवळ उरणार काय? ज्या कर्माच्या भयाने तू रोज पाण्यात उतरतोस, ते कर्मच करू नकोस, म्हणजे थंडीने तुझी कातडी तरी सोलवटणार नाही.

ब्राह्मण निरुत्तर होतो आणि आपले स्नानवस्त्र तिला देऊ करतो. ती ते नाकारते. शेवटी तो बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जातो. पूर्वी आपण केवळ नावाचे ब्राह्मण होतो, आता खरे ब्राह्मण, खरे ‘न्हातक’ म्हणजे स्नान केलेले झालो, असे तो म्हणतो. अट्ठकथेप्रमाणे यानंतर अनाथपिण्डिकाने पुण्णिकेला दास्यातून मुक्त केले आणि ती भिक्षुणी झाली. या गाथांचे मराठीत कौतुक झाले आहे. पण प्रश्न विचारणारी बाई पाणी भरणारी आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्या पाण्यात एकाला मोक्ष दिसतो, त्याच पाण्यात दुसरीला रोजचे कष्ट दिसतात. पाण्याला गूढत्व नसते, हे तिला ग्रंथ वाचून कळलेले नाही. डोक्यावरच्या घड्याने कळले आहे.

मज्झिमनिकायातील वत्थूपमसुत्तात हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने येतो. भगवान जेतवनात भिक्खूंना सांगत असतात की, मळकट वस्त्राला रंग नीट चढत नाही, तद्वतच मलिन चित्ताचे आहे. लोभ, क्रोध, वैर, मत्सर, मान असे सोळा मळ तेथे मोजले आहेत. जवळच बसलेला सुन्दरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण मध्येच विचारतो की, गौतम बाहुका नदीवर स्नानास जातात काय? उत्तरात बाहुका, अधिकक्का, गया, सुन्दरिका, सरस्सती, पयाग आणि बाहुमती अशी तीर्थांची यादी येते. जो खोटे बोलत नाही, हिंसा करीत नाही, न दिलेले घेत नाही, त्याला गयेला जाऊन काय करावयाचे आहे. त्याच्या दारची विहीरही गयाच, असा त्या उपदेशाचा आशय आहे. यादीतील ‘पयाग’ म्हणजेच प्रयाग. तेथे २०२५ साली भरलेल्या कुंभमेळ्यात शासनाच्या आकड्यांनुसार ६६ कोटींहून अधिक स्नाने झाली. २९ जानेवारीच्या चेंगराचेंगरीत अधिकृत गणतीनेच ३० माणसे दगावली आणि पाण्यातील मलजंतूंचे प्रमाण स्नानाच्या मर्यादेपेक्षा अधिक असल्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल त्याच फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आला. वत्थूपमसुत्तातील प्रश्न जुना झाला, असे म्हणण्याची सोय नाही.

याच सुन्दरिक भारद्वाजाचे नाव संयुत्तनिकायात आणि सुत्तनिपातातही येते, आणि तो प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सुन्दरिका नदीच्या काठी होम करून उरलेले हविद्रव्य कोणाला द्यावे, म्हणून तो इकडेतिकडे पाहतो. वस्त्राने डोके झाकून बसलेले भगवान त्याला दिसतात. जवळ जाताच ते डोक्यावरचे वस्त्र काढतात. मुंडित मस्तक दिसताच तो परत फिरू पाहतो, मग थबकून विचारतो की, आपली जात कोणती? जात विचारू नकोस, आचरण विचार, अग्नी कोणत्याही लाकडातून उत्पन्न होतो, असे त्याला उत्तर मिळते. एकाच नावाचा ब्राह्मण एके ठिकाणी नदीच्या पावित्र्याविषयी विचारतो आणि दुसऱ्या ठिकाणी जातीविषयी. हा योगायोग नाही, असे आमचे मत आहे. पावित्र्य ही जर वस्तूतून माणसात उतरणारी गोष्ट असेल, तर अपवित्रताही माणसातून वस्तूत उतरणारच. पाणी पाप धुते आणि स्पर्श पाणी बाटवितो, ही एकाच समजुतीची दोन टोके आहेत. एक टोक ठेवून दुसरे सोडता येत नाही.

बुद्धांनी केवळ तीर्थाची थट्टा केली, असे मात्र नव्हे. सकाळ-संध्याकाळ स्नान करणाऱ्या संगारव ब्राह्मणाला त्यांनी सांगितले की, धम्म हाच डोह आहे आणि शील हा त्याचा उतार आहे. ‘तित्थ’ म्हणजे मुळात पाण्यात उतरण्याची जागा. शब्द तोच राहिला, त्याचा आशय बदलला. सम्राट अशोकानेही नवव्या शिलालेखात हेच केले. आजारपण, विवाह, पुत्रजन्म, प्रवास या प्रसंगी लोक जी नाना मंगले करतात, त्यांचे फळ थोडे, असे सांगून त्याने ‘धम्ममंगल’ सांगितले. त्यात पहिली गोष्ट कोणती? दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणूक. या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याजवळच्या भुईगावी, १९५६ साली सापडला. तेच धम्मदीक्षेचे वर्ष.

येथे आमच्याच घरातील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रतनसुत्ताच्या अट्ठकथेत आनंदांनी बुद्धांच्या पात्रातील पाणी वैशालीत शिंपडल्याची कथा आहे आणि परित्तपाठाचे पाणी व दोरा यांची प्रथा तिच्या आधाराने चालते. हे पाणी उपासक-उपासिकांना सुत्तपठणाची आठवण म्हणून दिले जात असेल, तर त्यास आमची हरकत नाही. त्याने ताप उतरतो किंवा घरातील पीडा जाते, असे कोणी सांगू लागला, तर पुण्णिकेचा प्रश्न आपल्या विहाराच्या दारातही उभा राहतो. ‘सीलब्बतपरामास’ हे बंधन तोडल्याशिवाय सोतापन्न होता येत नाही. ते बंधन केवळ ब्राह्मणांसाठी सांगितलेले नाही.

आता असे विचारले जाईल की, ब्राह्मणी परंपरेत हे ज्ञान नव्हते काय? होते. मुंडकोपनिषदाने यज्ञांना कच्च्या नावा म्हटले आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात मानसतीर्थाची कल्पना येते. सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह यांतील स्नान हेच खरे स्नान, असे तेथे सांगितले आहे. पण तेथेच पुढे पृथ्वीवरील तीर्थांचीही महती येते आणि दोहोंत स्नान करणाऱ्याला सिद्धी लवकर मिळते, असा समारोप होतो. म्हणजे आतले तीर्थ आले, ते बाहेरच्या तीर्थाला हटवावयास आलेच नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसले.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर ही शेजारधर्माची व्यवस्था पूर्णत्वास गेलेली दिसते. त्यातील १०९ वा श्लोक सुभाषित म्हणून पाठ्यपुस्तकांत छापावा असा आहे. शरीर पाण्याने, मन सत्याने आणि बुद्धी ज्ञानाने शुद्ध होते, हा त्याचा भाव. हिंदू धर्मातील खरे अध्यात्म दाखविण्यासाठी तो अनेकदा पुढे केला जातो. त्याच अध्यायात २४ श्लोक मागे गेले की ८५ वा श्लोक लागतो. चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण, प्रेत यांचा स्पर्श झाल्यास स्नानाने शुद्धी होते, असे तो सांगतो. ज्याने १०९ वा श्लोक लिहिला, त्याला ८५ वा खोडण्याची गरज भासली नाही. मन सत्याने शुद्ध होत असेल, तर सत्य बोलणाऱ्या चांडाळाच्या स्पर्शाने स्नान का करावे लागते, हा प्रश्न त्या अध्यायात कोठेच उठत नाही. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात पातके, प्रायश्चित्त, अशौच, शुद्धी आणि तीर्थयात्रा हे विषय एकत्र घेतले. ग्रंथरचनेच्या सोयीने का होईना, हे सर्व एकाच कुटुंबातील आहेत, हे त्यातून उघड झाले.

आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या मनीषापंचकाची कथा या संदर्भात तपासण्याजोगी आहे. काशीत गंगेकडे स्नानास जाताना आचार्यांच्या वाटेत चांडाळ येतो. आचार्य ‘दूर हो’ म्हणतात. चांडाळ विचारतो की, कोणी कोणापासून दूर व्हावयाचे? अन्नाच्या देहाने अन्नाच्या देहापासून, की चैतन्याने चैतन्यापासून? गंगेच्या पाण्यात पडलेले सूर्याचे प्रतिबिंब आणि चांडाळवस्तीच्या पाण्यात पडलेले प्रतिबिंब यांत काय भेद आहे? प्रश्न पुण्णिकेच्या तोडीचा आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. आचार्य नमतात, असे ज्ञान असलेला चांडाळ असो वा द्विज असो, तो गुरूच, असे म्हणतात. परंतु परंपरा येथे थांबत नाही. तो चांडाळ म्हणजे साक्षात शिवच होता, अशी पुस्ती ती जोडते. या पुस्तीमुळे सगळाच निवाडा फिरतो. आचार्य नमले ते शंकराला. काशीतल्या कोणत्याही खऱ्या चांडाळाला दुसऱ्या दिवशी गंगेचा घाट मोकळा झाल्याचे ती कथा सांगत नाही. आणि ब्रह्मसूत्रभाष्याच्या अपशूद्राधिकरणात त्याच आचार्यांनी शूद्राला वेदाधिकार नाकारला आहे. अध्यात्माची उंची आणि आचाराची कठोरता एकाच लेखणीतून उतरली. दोहोंत भांडण झाले नाही.

संतांच्या बाबतीत आमचा सूर वेगळा राहील. तुकारामांनी तीर्थस्नानाची निर्भीड थट्टा केली. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा तर घरोघरी माहीत आहे. या कथेतील माणुसकी आम्हांस थोर वाटते. पाण्याचे खरे काम तहान भागविणे, हे तीत क्षणात उजळून निघते. पण एकनाथांच्याच चरित्रकथांत असेही येते की, अस्पृश्यांना जेवू घातल्याबद्दल पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांना प्रायश्चित्त घ्यावयास लावले आणि ते घेण्यास ते गोदावरीवर गेले. व्यक्ती नियमाहून मोठी निघाली, नियम मात्र जागचा हलला नाही. चोखामेळ्याची समाधी पंढरपुरी मंदिराच्या महाद्वारी, बाहेर आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात संतांची गळाभेट होई आणि दारापाशी ती संपे. बाबासाहेबांनी १९४८ साली आपला अस्पृश्यांच्या मूळशोधाचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांविषयी त्यांच्या मनात आदर नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी ती अर्पणपत्रिका पाहावी. परंतु देवापुढे सर्व समान असे सांगणे आणि माणूस माणसाशी समान असे सांगणे या दोन गोष्टी त्यांनी कधी एक होऊ दिल्या नाहीत.

हे सर्व ज्या ठिकाणी येऊन कसास लागले, ते ठिकाण म्हणजे महाडचे चवदार तळे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ च्या ऑगस्टात संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावरील त्या ठरावाला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाण्याने अर्थ दिला. त्या तळ्यावर अन्य धर्मीयांना बंदी नव्हती, गुराढोरांना नव्हती. पुण्णिकेच्या गाथांतील बेडूक आणि कासवे येथे जणू दुसऱ्या बाजूने वर आली: त्यांच्या वास्तव्याने पाणी बाटत नव्हते, अस्पृश्य माणसाच्या ओंजळीने बाटत होते. सत्याग्रहींवर हल्ला झाला, आणि त्यानंतर स्पृश्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या मिश्रणाचे १०८ घडे तळ्यात ओतून मंत्रोच्चारात त्याची ‘शुद्धी’ केली. जे पाणी जन्मोजन्मीचे पाप धुण्यास समर्थ मानले जाते, त्याच जातीच्या पाण्याला शुद्ध करावयास शेण लागले! येथे कोणी भोंदूबाबा नव्हता. शुद्धी करणारे शिकलेसवरलेले, स्मृती जाणणारे लोक होते आणि पाचव्या अध्यायाला धरूनच ते वागत होते. १०९ व्या श्लोकाने त्यांचा हात धरला नाही.

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. २५ डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, चवदार तळ्याचे पाणी न प्यायल्याने आपण मेलो नव्हतो. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी तेथे जावयाचे आहे. पाण्याला विशेष गुण त्यांनी मुळीच मानला नाही. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. त्या कृतीकडे केवळ संतापाची अभिव्यक्ती म्हणून पाहणाऱ्यांनी तळ्यातील १०८ घडे आणि स्मृतीचा पाचवा अध्याय शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे दहन नेमके कशाचे झाले, ते समजेल. १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. नियम काय करावे ते ठरवून देतो आणि माणसाला यंत्र बनवितो. तत्त्व माणसावर विचाराची जबाबदारी टाकते. अंधश्रद्धा आणि अध्यात्म यांच्यातील रेषेचे जे माप आम्ही आरंभी शोधत होतो, ते आम्हांस येथे सापडते. श्रद्धा सौम्य आहे की अघोरी, तिचे वचन सुंदर आहे की ओबडधोबड, याने तिचा निवाडा होत नाही. ती दुसऱ्या माणसासाठी पाणवठा मोकळा करते काय, एवढे पाहावे लागते.

तळ्याचा दावा न्यायालयात चालूच होता. १४ डिसेंबर १९२७ रोजी स्पृश्यांनी मनाईहुकूम मिळविला होता. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि रूढी आहे, हा त्यांचा दावा सिद्ध झाला नाही, असा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला, तो १७ मार्च १९३७ रोजी. तोपर्यंत, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केल्याला सतरा महिने उलटून गेले होते.